उजवी बाजू वर

जपानमधल्या एका वृद्धाश्रमातल्या सगळ्या आजी-आजोबांना मी प्रेताचे कपडे घातलेल्या बाहुल्या भेट म्हणून पाठवल्या. कागदाच्या, बोटभर उंचीच्या, गालांवर गुलाबी ठिपके असलेल्या, अतिशय गोजिरवाण्या बाहुल्या. पार्सलं गहाळ होण्याची जी एक प्राचीन सोय आपल्याकडे असते, ती नेमकी माझ्या वाट्याला आली नाही.

त्या वृद्धाश्रमात माझी मुलगी मुक्ता शुश्रूषेचं काम करते. कागदाचं वेड तिचं, आणि ते तिला जपानने नव्हे, माळव्याने लावलं. आश्विनात सोयाबीन निघून गेल्यावर रिकाम्या शेतांवरून येणारा तो कोरडा, किंचित तुरट वास देवासच्या गल्ल्यांत शिरला, की शेजारच्या माळवी मुली भिंतीवर शेणाची संजा, म्हणजे माहेरी आलेली लेक, मांडू लागत आणि आमची मुक्ता त्यांच्यात जाऊन बसे. फुलं कमी पडली की ती चमचमत्या पन्नीचे चंद्र-सूर्य कातरायची. शेवटच्या दिवशी संजा सासरी निघाली, की भिंत खरवडताना बाकीच्या मुली गात असत आणि ही एकटी माझ्या सदऱ्याला नाक पुसत असे.

पुढे तिने जपानला जायचं ठरवलं आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर ती भाषा राहायला आली. मी नुकताच कारखान्यातून निवृत्त झालो होतो. सोबत म्हणून तिच्यासमोर बसू लागलो, आणि बसलोच आहोत तर म्हणून अक्षरं गिरवू लागलो. अभ्यासाचा कंटाळा आला की ती नक्षीदार कागदाच्या बाहुल्या करायची, मीही करायचो. ती परीक्षा पास होत गेली. मी देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी पहाटे फिरताना एकच क्रियापद इतक्या वेळा पुटपुटत असे, की समोरून येणारे भाविक मला एखादा कडक अनुष्ठान करणारा साधक समजून वाट देत. मांजरांच्या चित्रांचे कागद घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "अंकल, पोती के लिए?" मी म्हटलं, "नहीं भिया, अपने लिए." त्याने ते कागद फार हळुवारपणे गुंडाळून दिले, आजारी माणसाच्या हाती द्यावेत तसे.

मुक्ता गेली आणि टेबलाची समोरची बाजू रिकामी झाली. भाषा मात्र माझ्याकडेच राहिली. तिन्हीसांजेला देवाजवळच्या समईचा उजेड भिंतीवर थरथरू लागला, की मी त्या परक्या अक्षरांच्या रानात शिरत असे आणि जिथे वाट चुकेन तिथे ती भेटेल असं मला उगीचच वाटत राही. लोकांना मी छंद म्हणून सांगायचो. खरं असं होतं, की फाल्गुनात तिचा करार संपणार होता. ती परत येईल तेव्हा तिच्या मनाचा एक कोपरा त्या भाषेतच असेल, आणि त्या कोपऱ्याला या घरात कुणीतरी ओ द्यायला हवी, एवढ्यासाठी माझी ही सगळी उठाठेव चालली होती.

बाहुल्या पोचल्या आणि मुक्ताचा फोन आला. तिला हसू आणि संताप एकाच वेळी आवरत नव्हता. जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू वर घेऊन नेसतो. उजवी वर घेतात ती फक्त शेवटच्या प्रवासाला निघालेल्याची. माझी प्रत्येक बाहुली उजवी वर घेऊन सजली होती. एका आजोबांनी तर आपली बाहुली हातात घेऊन, मुहूर्त कधीचा आहे, असं मुक्तालाच विचारलं होतं. तिच्या वरिष्ठ बाईंपुढे तिला चारचारदा वाकून माफी मागावी लागली.

आणि हे कुणाला कळू नये? मला! धारच्या ज्या घरात मी वाढलो, तिथे पितृपक्षात जानवं डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेलं, की सगळं घर आवाज खाली आणी. वडिलांच्या तर्पणाच्या वेळी हे सव्य-अपसव्य मी आजही डोळे मिटून करतो. मग हात चुकले कसे, याचा विचार करत टेबलाशी बसलो, आणि उलगडा झाला. मी समोर बसून शिकलो होतो. ती जो हात हलवी, त्याच्या समोरचा माझा हात हले, आरशातल्यासारखा. माझ्या प्रत्येक बाहुलीत मुक्ता कुठे बसायची, ते घडी होऊन राहिलं होतं. दुरुस्त करायला हात धजेना.

त्या आश्रमातल्या साइतो आजींनी मात्र मला सुधारायचा विडा उचलला. कार्तिकातल्या एका सकाळी, अंगणात कोवळं ऊन उतरलेलं असताना, व्हिडिओवर शिकवणी झाली. आजी हुशार, त्या कॅमेऱ्याकडे पाठ करून बसल्या आणि मुक्ताने त्यांच्या खांद्यावरून फोन धरला. त्यांचा डावा तो माझा डावा. त्यांची सुरकुतलेली बोटं कागदावरून अशी फिरत होती, जणू झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करताहेत. माझी बाहुली थोडी वाकडी, पण जिवंत झाली. बायको, सुमन, मागे मेथी निवडत बसली होती.

भरात येऊन मी पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हटलं: मुक्ता वसंतात घरी येईल, मग तुम्हाला करमणार नाही. आजींनी मागे वळून पाहिलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सावकाश, शब्द सुटे करून उत्तर दिलं. मुक्ता जाणार नाही. तिने इथेच राहायचं ठरवलंय. तुम्हाला सांगितलं नाही का?

इतक्या वर्षांत त्या भाषेतलं मला पहिल्या फटक्यात, शब्दन् शब्द समजलेलं ते पहिलं वाक्य. फोन हलला. पडद्यावर आधी छत आलं, मग मुक्ताचा अंगठा, मग काहीच नाही. टेबलावर ऊन पडलं होतं आणि बाहुलीची सावली तिच्यापेक्षा मोठी दिसत होती. भाषा शिकून माणूस जवळ येतो, की तो किती लांब गेलाय एवढंच नीट ऐकू येतं, ते मला अजून सांगता येत नाही.

सुमनने विचारलं, "काय म्हणाल्या हो आजी?"

"बाहुली छान झाली, म्हणाल्या."

तिने बाहुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मेथीची पुढची काडी उचलली. "असल्या वाकड्या बाहुलीला कोण छान म्हणेल? पोरीने तिकडे कुंडीत कढीपत्ता लावला, तेव्हाच मला कळलं होतं ती येत नाही म्हणून. आणि मला काही जपानी येत नाही."