टाचेमागची गाठ

पंचेचाळिसावं लागलं तसं काडी मास्तरांचं हातातल्या कापडावरचं ध्यान उडालं. बाप सेहेचाळिसाव्या वर्षी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या गेला होता, चुलता त्रेचाळिसाव्या, आणि थोरला भाऊ गेल्याच साली, कॉलर उलटवता उलटवता, सत्तेचाळिसाव्या. तिघंही अंगानं काटक. मास्तर तर इतके वाळके, की गिऱ्हाइकं म्हणत, तुमच्या मापाची पँट आमच्या उरलेल्या चिंध्यांत निघेल.

एक डॉक्टरीणबाई कोटाच्या बाह्या आखूड करायला आली. मास्तर अनवाणी पायडल मारत होते. बाईची नजर खाली गेली.

"मास्तर, टाचेमागं काय आलंय हे?"

"ती होय? ती कामाची गाठ. पायडल मारून येते. आमच्या घरात सगळ्यांना आहे."

सांगताना छाती जरा फुगलीच. त्यांच्या घरात रीत होती. पोराच्या टाचेमागच्या दोरीवर गाठ धरली, की बाप त्याच्या हाती स्वतःची कात्री द्यायचा. मास्तरांना एकोणिसाव्या वर्षी मिळाली. चुलत्याची गाठ उशिरा आली, म्हणून त्याला घरभर आळशी ठरवलेलं.

"बाकीच्या टेलरांना असते का अशी?" बाईनं विचारलं.

मास्तरांचा पाय थांबला. समोरचा पँटवाला तीस वर्षं पायडल मारतोय, त्याच्या टाचा लोण्यासारख्या.

बाईनं दवाखान्यात बोलावून रक्त काढलं. वाईट कोलेस्टेरॉल शंभराच्या आसपास हवं, ते तीनशे वीस निघालं.

"मी तळलेलं हुंगतसुद्धा नाही हो," मास्तर म्हणाले.

"दोष खाण्याचा नाही. रक्तातली ही चरबी ओढून घ्यायचं काम यकृताचं. ते कसं करायचं याच्या आराखड्याची एक प्रत आपल्याला आईकडून मिळते, एक बापाकडून. तुमची बापाकडची बिघडलेली दिसते. न ओढलेली चरबी मग हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचते, टाचेच्या दोरीतही."

मास्तरांना ते लगेच कळलं. फर्माच चुकीचा असला, तर त्यावर बेतलेला शर्ट काखेत ओढणारच.

"माझी पोरगी?"

"तिच्यात आलेलं असण्याची शक्यता निम्मी. रक्त तपासून घ्या."

पोरगी सोळा वर्षांची. घरी येताच मास्तरांनी तिला पाय पुढे करायला लावले. दोन्ही टाचांमागं बोटं फिरवली. साफ.

"अहो, चपला घ्यायच्यात का तिला?" बायको म्हणाली.

मास्तर मोकळं हसले. पण दुसऱ्या दिवशी परत बघितलं, तिसऱ्या दिवशीही. डॉक्टरीणबाई म्हणाली, या वयात गाठ नसते कित्येकदा, रक्तच बघावं लागेल. मग मास्तर टाळू लागले. पोरीची परीक्षा आहे, सर्दी झालीय, पुढच्या आठवड्यात बघू.

इकडे त्यांना चरबी उतरवायची गोळी सुरू झाली होती. सहा आठवड्यांत मांड्या अशा भरून आल्या, की स्टुलावरून उठताना तोंडातून हुंकार निघे. आधी वाटलं, शाळेच्या गणवेशांचं काम फार पडलं. मग एक दिवस गोळीच बंद केली. कोणाला सांगितलं नाही. पोरीला गोळ्यांचं पाकीट सापडलं, एकही गोळी न काढलेलं.

"ह्या संपत का नाहीत, बाबा?"

"पाय उचलेनात त्या खाऊन. मग पायडल कोण मारणार, तू?"

"मग डॉक्टरीणबाईंना सांगा की. त्यांना काय स्वप्न पडणार आहे?"

"सांगतो."

"मोठे काकापण छातीत दुखतंय ते सांगतो सांगतो म्हणत होते."

मास्तरांनी पाकीट उलटं करून ठेवलं.

"उद्या तुम्ही जाऊन सांगा, मी रक्त देते," पोरगी म्हणाली. "नाहीतर बसू घरात, एकमेकांच्या टाचा बघत."

दोघं गेले. डॉक्टरीणबाईनं मास्तरांना चांगलं फैलावर घेतलं. मग म्हणाली, "यकृतात ही गोळी आत घेणारं दार काही लोकांचं जन्मतःच अरुंद असतं. गोळी रक्तात रेंगाळते आणि स्नायूंना पकडते. तुमचं तसंच दिसतंय. तपासून बघू. पण गोळी सोडायची नाही, बदलायची."

दुसरी गोळी लागली. महिन्याभरात मास्तर हुंकार न देता उठू लागले. आकडाही निम्म्यावर आला.

पोरीचा अहवाल दोन दिवसांनीच आला होता. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर तिनं तो उघडला. मास्तर भिंतीकडे बघत होते.

"दोनशे तीस," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा कमी."

"थट्टा सुचते तुला."

"रडून उतरत असेल तर रडते."

तिलाही रोजची गोळी सुरू झाली. मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "डॉक्टरीणबाई, ते दार हिचंही अरुंद असलं तर?"

"असेलही. दुखलं तर सांगेल ती. तिला तोंड आहे."

तेव्हापासून रोज सकाळी पोरगी दप्तर उचलते आणि मास्तर आडवे येतात.

"मांड्या?"

"ठीक."

"पोटऱ्या?"

"बाबा, घंटा होईल शाळेची."

ती निघते. मास्तर सुई तशीच कापडात सोडून दारात येतात आणि वाकून बघत राहतात, पोरगी जिना कठड्याला न धरता उतरते की नाही.