शेवटच्या दिवसाचा फॉर्म
कॉलेजच्या नेटवर्किंगच्या लॅबमध्ये तापलेल्या राउटरचा वास आला की पळसदरीतली आमची ओटी आठवते. नर्सिंगचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी शेजारची ताई आमच्या वायफायवर तो भरायला आली होती. घाईत मी माझ्या लॅपटॉपवर तिचा पासवर्ड सहा वेळा चुकवला आणि साइट उघडेनाशी झाली. तिच्या मोबाइलवरही, कारण तोही आमच्याच वायफायला जोडलेला होता. “साइटच बंद पडली,” मी म्हणालो. “ऱ्हाऊ दे रं, तू तरी काय करशील,” ती म्हणाली. राउटरमागची सगळी यंत्रं बाहेर एकाच पत्त्याने दिसतात आणि इतके चुकीचे पासवर्ड पाहून साइटच्या फायरवॉलने, म्हणजे तिच्या राखणदार यंत्रणेने, तो पत्ताच अडवला असणार, हे मला आता कळतंय. वायफाय काढून मोबाइलचं नेट लावलं असतं, तर फॉर्म भरला गेला असता. ताई आता शिळफाट्याला कपड्यांच्या दुकानात कामाला असते. भेटली की विचारते, “काय शिकवतात रं तुला?” आणि मी दुसरंच काहीतरी सांगतो.