सोनावणे काकांना न पाठवलेलं प्रकरण

मी ब्लॉग थांबवला आणि माझा सगळ्यात चांगला वाचक गेला.

दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही. माहितीये मला.

सोनावणे काका. चेंबूरचे. जन्मभर गोदीत नोकरी. दुरुस्तीला आलेलं जहाज सुक्या गोदीत घेतात, तेव्हा त्याच्या बुडाखाली येणारे लाकडी ठोकळे मांडायचे, हे त्यांचं काम.

मी मुलुंडला राहतो, बँकेत आहे, आणि आरमाराच्या इतिहासावर ब्लॉग लिहायचो. एकदा लिहिलं, गोदीतलं पाणी उपसून झालं की जहाज ठोकळ्यांवर बसवतात.

खाली कमेंट आली : "चूक. पाणी उतरता उतरता जहाज आपोआप बसतं. पाणी संपल्यावर कोण उचलून बसवणार? तुम्ही?"

मी कमेंट डिलीट केली.

त्यांनी परत टाकली. तीच. एक शब्द न बदलता.

मग भेटलोच. चेंबूर स्टेशनबाहेरच्या हॉटेलात. त्यांनी बशीत चहा ओतला, त्यात खारीचा छोटा तुकडा सोडला आणि चमच्याने चहा काढत गेले. खारी हळूच बशीला टेकली.

"बसलं जहाज. कळलं का सर?"

माझ्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठा माणूस. म्हटलं, काका, सर नका ना म्हणू.

"लिहिणाऱ्याला सर म्हणायचं. चुकीचं लिहिलं तरी."

त्यानंतर प्रत्येक पोस्टवर पहिली कमेंट त्यांची. कौतुक क्वचित. चूक असली की नक्की.

गेल्या वर्षी मी जाहीर केलं : पुस्तक पूर्ण करायचंय, ब्लॉग थांबवतोय. सगळ्यांनी ऑल द बेस्ट दिलं.

काकांनी लिहिलं, "थांबू नका. पुस्तक होईल तेव्हा होईल. आम्ही आत्ता वाचतोय."

मी त्यावर स्मायली टाकला.

मग फोन. "सर, गोदीचं प्रकरण झालं असेल तर पाठवा ना."

झालं होतं.

"अजून कच्चं आहे, काका."

"कच्चं चालेल."

"नाही हो, सगळं नीट करून एकदम देतो."

असा तीनदा फोन आला. तीनदा मी हेच सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ते चुका काढणार, मग मला परत सगळं उचकटावं लागणार. माझी तयारी नव्हती.

मागच्या आठवड्यात त्यांच्या नंबरवरून कॉल आला. वाटलं, परत प्रकरण मागतायत.

उचलला नाही.

मग मेसेज आला. "सर, मी प्रज्ञा, सोनावणेंची मुलगी. पप्पा आज सकाळी गेले."

त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं. दोन वर्षं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा.

"चार-चार तास पडून राहायचे," प्रज्ञा म्हणाली, "तेव्हा तुमचा ब्लॉग वाचायचे."

"आणि मी थांबवल्यावर?"

"जुन्या पोस्ट. परत पहिल्यापासून."

"मला कधी बोलले नाहीत गं."

"आम्हालाही बोलू दिलं नाही. म्हणायचे, सरांना सांगू नका, ते घाई करतील आणि चुकीचं लिहितील."

मी पाणी प्यायलो.

आज काकांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. "काकांनी माझ्या चुका काढल्या," एवढंच म्हटलं आणि बसलो.

जेवलो. कुणीतरी परत भात वाढला, तोही खाल्ला.

रडू आलं नाही. अजूनही येत नाहीये. हे लिहितोय ते पण कुणी दुसराच टाइप करतोय असं वाटतंय.

घरी येऊन गोदीचं प्रकरण त्यांच्या नंबरवर पाठवलं. का, ते विचारू नका.

फोन आता प्रज्ञाकडे असतो. तिचं उत्तर आलं : "मिळालं सर."

एवढंच.

कच्चंच आहे, काका.

जय भीम.