अबकारीची माणसं

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमच्या यजमानांना सायकलचं वेड. मावळच्या डोंगरातून सायकलनं लोणावळ्याला जायचं, असं त्यांनी ठरवलं; मला विचारलं नाही. पुण्याहून गाडीत सायकली चढवून आम्ही तळेगावला उतरलो. यांच्या अंगात खाकी सदरा, खाकी अर्धी विजार, डोक्यावर हॅट. मी म्हटलं, "अहो, अगदी फौजदार दिसताय." ते खूश झाले.

टाकव्याच्या पुढे रस्ता संपून बैलगाडीची चाकोरी लागली. उन्हाळ्याची अखेर, चढ असा की सायकली ढकलतच न्यायच्या. कोरड्या ओढ्यापाशी मी एका बाईला वरच्या वाडीचं नाव विचारलं; ती हात करून सांगत होती तेव्हा हे लांब पुढे उभे राहून बघत होते. बांधावरच्या एका गड्यानं आम्हाला पाहून शीळ घातली. ती पुढच्या टेकाडावरून कुणीतरी उचलली. हे म्हणाले, "बघ, स्वागत चाललंय."

वर वाडीत शिरलो तेव्हा कुजक्या जांभळांचा आणि गुळाचा आंबट वास नाकात घुसला. त्या खोऱ्यात चोरून दारू गाळतात, हे पुण्यातही सगळ्यांना ठाऊक होतं. एका दारात म्हातारी बसली होती. माझ्या घशाला कोरड पडली होती.

"मावशी, घोटभर पाणी द्याल का?"

"न्हाई."

"मग विहीर कुठे आहे?"

"हिर न्हाई हितं."

तिच्या मागेच भरलेली घागर होती. तेवढ्यात चार-पाच गडी येऊन उभे राहिले. एकाच्या हातात कोयता. म्हातारी माझ्याकडे बघत म्हणाली, "मागल्या साली असंच दोगं सायकलीवर आलतं. पानी मागितलं, म्या दिलं. दुसऱ्या दिशी अबकारीचं शिपाई आलं नि माज्या ल्योकाला बांधून न्हेलं. अजून घरी न्हाई."

आम्ही दारू पकडणारे अबकारीचे नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण हेच आधी गरजले, "बेकायदा धंदे करता आणि वर डोळे दाखवता? एकेकाला आत टाकीन!"

कोयतेवाल्यानं यांच्या सायकलचं पुढचं टायर चिरलं. "आता जावा चालत," म्हणाला.

आम्ही निघालो तसे मागून दगड यायला लागले. एक माझ्या पाठीत बसला. वळून पाहिलं तर म्हातारीनं दुसरा उचलला होता.

सायकली ढकलत कामशेत गाठलं आणि तिथे एका मालाच्या लॉरीत त्या टाकल्या. वाटेत मी म्हटलं, "तुम्ही गप्प राहिला असतात तर?"

"तू त्यांची बाजू घेतेस?"

"दगड माझ्या पाठीत बसलाय. मी कुणाचीच बाजू घेत नाही."

लोणावळ्यात उतरताच हे थेट पोलीस चौकीत शिरले. जमादारानं विचारलं, "वाडी कुठली?" यांना नाव ठाऊक नव्हतं. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू ओढ्यापाशी त्या बाईला विचारलं होतंस ना?"

विचारलं होतं. नाव पक्कं लक्षात होतं. म्हातारीविषयी मला माया वाटत होती असं मुळीच नाही. पाठ ठणकत होती आणि तिचा रागच येत होता. पण आम्ही पाणी मागून आलो आणि आमच्यामागून पुन्हा शिपाई तिच्या दारात उभे राहिले, हे मला नको होतं.

"त्या बाईनं सांगितलंच नाही," मी म्हणाले.

मी खोटं बोलले, हे यांना तिथल्या तिथे कळलं. परतीच्या गाडीत ते पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. पुढे दिवाळीपर्यंत आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं.