कासांद्राचा लसूण

आमच्या गावात खायला लसूण हवा तेवढा मिळतो, पण बियाण्याचा लसूण मागून मिळत नाही. मागितलात तर समोरची बाई डोक्याचा रुमाल सावरते आणि हवापाण्याच्या गोष्टी काढते. दिलेलं बी उगवत नाही, असं इथे सगळे मानतात. पाद्रीबाबा मानत नाहीत, पण त्यांची बायको मानते. बी चोरून आणावं लागतं. आणि नुसतं चोरून भागत नाही. ज्याचं गेलं त्याने चोराला मनापासून शिव्या घालाव्या लागतात. शिवी जितकी खणखणीत, गड्डा तितका मोठा. म्हणून कुणाला बी द्यायचं मनात असलं की माणसं कोठीचं दार उघडं टाकून बाहेर जातात, आणि परत आल्यावर अंगणात उभं राहून कर्तव्य म्हणून दोन-चार शिव्या हासडतात. मी बोतोशानी शहरातून इथे लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, गाव वेड्यांचं आहे. आता माझंही दार कधीकधी उघडं राहतं.

अग्लाया मावशी आमच्या कुंपणापलीकडे राहते. उंच, हाडापेराने मोठी, आणि नाकावर माशी बसू न देणारी. तरुणपणी साखर कारखान्यात बिटाच्या सरकत्या पट्ट्यावर पाळीने काम केलं, नवरा गेल्यावर पोरगी एकटीने वाढवली आणि कुणापुढे हात पसरला नाही. हे शेवटचं ती स्वतःच सांगते, विचारलं नाही तरी. जुलैत लसूण निघाला की पहाटेचं दव पातीवर असतानाच ती वेण्या घालायला बसते, कारण वाळलेली पात तुटते. तिच्यासारखी घट्ट वेणी गावात कुणाची नाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसली की कुटलेल्या लसणात मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा बुडवते, चघळते आणि विचारते, "हा लसूण का कांदा?" यजमानीण पुढे आठवडाभर धुसफुसत राहते.

तिचा स्वतःचा लसूण तिची आई कासांद्रा हिच्या हातचा, वसंतात लावायचा. पाकळ्या लहान, साल आतून लालसर जांभळी, आणि चव अशी की आधी काहीच वाटत नाही, मग घशात डंख बसतो. हा लसूण गावात दोनच घरी होता. एक तिच्याकडे आणि एक आमच्याकडे. भांडण त्याचंच.

माझी सासू ग्लिकेरिया ही त्या लसणाची चोर, असं अग्लाया मावशीचं म्हणणं. कासांद्रा अंथरुणाला खिळली होती, मावशी दिवसभर कारखान्यात, तेव्हा म्हातारीजवळ माझी सासू बसायची. त्याच दिवसांत पडवीतली एक वेणी नाहीशी झाली. म्हातारी गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या वाफ्यात जांभळ्या सालीचा लसूण आला. चोरीला मावशीची हरकत नव्हती. बी चोरलंच जातं. "पण दार मी उघडं ठेवलं नव्हतं!" हे तिचं वाक्य मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि नंतर जवळजवळ रोज. त्या चोरीला तीस वर्षं झाली असतील. मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या घरातून चोरणारी, चोर ती चोर वर शिरजोर, गिधाड, असं सगळं. एकदा दुकानात कुणीतरी म्हणालं, "अगं मावशी, तू ओरडतेस म्हणूनच तिचा लसूण पिकतो." त्यावर ही म्हणाली, "पिकू दे. ओरडल्याशिवाय मला अन्न पचत नाही."

दोघी एकमेकींशी बोलत नसत. बोलायचं असलं की आपापल्या कोंबड्यांशी बोलत, मोठ्याने. लेकी बोले सुने लागे तसं आमच्याकडे कोंबड्यांना बोले, शेजारणीला लागे. माझी सासू मात्र चोरीबद्दल एक अक्षर काढत नसे. चोरलं म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. मला तिचा रागच यायचा. गप्प बसून शिव्या खाणाऱ्या माणसाचा मला नेहमीच राग येतो.

तर या नाताळात अग्लाया मावशीची मुलगी झेनोविया इटलीहून आली. ती तोरिनोत म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करते, आणि खूप वर्षांनी सणाला घरी आली होती. येताना आईसाठी एअर फ्रायर घेऊन आली. आईने ते खोकं पाहिलं आणि विचारलं, "हे काय? कपडे धुवायचं?"

"आई, यात सगळं भाजून निघतं. तेल नाही, धूर नाही. चुलीपुढे वाकायला नको."

"मी वाकतेय म्हणून कुणी सांगितलं तुला?"

सणाच्या आदल्या दिवशी मावशी चर्च झाडायला गेली. घरात झेनोविया एकटी. तिने आईला खूश करायचं ठरवलं. तिकडे तिच्या मालकीणबाई गड्ड्याचं डोकं कापतात, वर तेल सोडतात, चांदीच्या कागदात गुंडाळून त्या यंत्राच्या टोपलीत ठेवतात, आणि अर्ध्या तासात पाकळ्या लोण्यासारख्या मऊ होतात. बोटाने दाबलं की सालीतून बाहेर. पावावर फासून खायच्या. चुलीशेजारी खुंटीला एक वेणी लटकत होती, सुरेख, भरदार. झेनोवियाने ती सोडवली. टोपली लहान, म्हणून दोन-तीन खेपा केल्या. वास इतका गोड सुटला की मी आमच्या अंगणात कपडे वाळत घालता घालता थांबले. नंतर जे झालं ते मला कुंपणापलीकडून सगळं ऐकू आलं. ऐकू न येण्यासाठी मला घरात जावं लागलं असतं, आणि मी गेले नाही.

मावशी परतली. मग तिचा आवाज, एरवीपेक्षा कितीतरी खाली:

"ही वेणी कुठली?"

"चुलीजवळची. का?"

"ते बी होतं."

"बी? बी तर तू माळ्यावर ठेवतेस ना! मी लहान होते तेव्हापासून माळ्यावरच..."

"माळ्यावर कोण चढणार? तू?"

आईचे गुडघे गेलेत, शिडी चढून दोन हिवाळे झाले, हे झेनोवियाला कुणी सांगितलंच नव्हतं. फोनवर मावशी म्हणायची, "मी ठणठणीत आहे." पेरणीही आता तिच्याच्याने एका वाफ्यापुरतीच होत असे, म्हणून वेणी एकच ठेवलेली. आमच्या गावात सगळ्यात मोठे गड्डे कुणी खात नाही; ते पेरायचे, आणि खायचे ते बारकेसारके. पोरीला आईसाठी चांगल्यातलं चांगलं करायचं होतं, म्हणून तिने नेमकं तेच उचललं.

"आई, मी तिकडून पाठवते. तिकडे किती जातीचे मिळतात."

"पाठव हो. सोबत एक आईपण पाठव, माझी मेलीय."

मग झेनोविया रडली. मावशीने एक पाकळी चाखली असावी, कारण तिचं शेवटचं वाक्य आलं, "गोड आहे." त्या लसणाला याहून वाईट शिवी नाही.

संध्याकाळी झेनोविया डोळे सुजलेले घेऊन कुंपणाशी आली आणि मला झाकलेली ताटली दिली. "वहिनी, हे तुम्ही घ्या. आई तोंड लावत नाही, आणि मला कोंबड्यांना घालवत नाही." भांडण तिच्या आईचं होतं, तिने ते कधी अंगाला लावून घेतलं नव्हतं.

माझ्या सासूचे खालचे दात सगळे गेलेत. कच्चा लसूण सुटला म्हणून ती स्वतःवरच चिडलेली असायची. मी पावाच्या तुकड्यावर दोन पाकळ्या दाबून तिच्यापुढे ठेवल्या. तिने तोंडात घातलं, मान हलवली, "काय मऊ गं!" म्हणाली. मग एकदम थांबली. गोडाच्या मागून डंख आला असणार. तिने ताटलीतली एक भाजलेली साल उचलून खिडकीपाशी उजेडात धरली.

"हा गड्डा केवढा होता?"

"मोठे होते सगळे. मुठीएवढे."

"अरे देवा," सासू म्हणाली. "हिचं बी भाजलं." आणि उरलेला लसूण तिने चमचाभरही वाया न घालवता, हळूहळू, सुतकाचं जेवण जेवावं तसा संपवला.

पाद्रीबाबा घरोघर तीर्थ शिंपडून गेले त्या आठवड्यात झेनोविया परत गेली. बसपाशी मावशीने तिच्या दोन्ही गालांवर ओठ टेकवले, पण नीट जवळ घेतलं नाही. पोरगी काचेमागून बघत राहिली. मला वाईट वाटलं, दोघींचंही, पण मावशीला सांगायला कोण जाणार?

एअर फ्रायरवर मावशीने भरतकामाचा रुमाल घातला आणि वर देवाची जुनी तसबीर ठेवली. खिडकीत एका पेल्यात पाणी, आणि पाण्यात एक पाकळी. शेवटच्या खेपेत टोपलीच्या कडेला राहिलेली, अर्धीकच्ची. तिला कोंब फुटेल म्हणून ती रोज पाणी बदलायची. जानेवारी संपता संपता पाकळी बुळबुळीत झाली आणि पेला खिडकीतून हलला. मग एका बाजाराच्या दिवशी ती बोतोशानीला गेली आणि पिशवीभर बी घेऊन आली. पांढरंफेक, गुळगुळीत, जाळीच्या पिशवीतलं. एक पाकळी चावली आणि सगळी पिशवी डुकरापुढे ओतली. डुकरानेही विचार करून खाल्लं.

त्या महिनाभरात तिने आम्हाला एकदाही शिवी दिली नाही. सकाळी अंगणात इतकी शांतता की मला चुकल्यासारखं व्हायचं. सासू खिडकीशी बसून म्हणायची, "येऊन मागणार नाही ती. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही."

"मग तुम्हीच नेऊन द्या की," मी म्हणाले.

"दिलेलं उगवतं का?" सासूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इतक्या वर्षांत काहीच शिकले नव्हते.

बर्फ वितळायला लागलं. पेरणी जवळ आली, आणि मोठ्या उपवासाआधीचा रविवार आला. त्या रविवारी चर्चमध्ये सगळे एकमेकांची क्षमा मागतात. शनिवारी दुपारी सासू दाण्याची वाटी घेऊन अंगणात गेली आणि कुंपणाला खेटून उभी राहिली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"खा गं बायांनो, खा! उद्या घरात कुणी नाही बरं का! मी जाणार चर्चला, सूनही जाणार, कुत्र्यालाही बांधून ठेवणार! आणि कोठीची कडी तर बिघडलीच आहे, लागतच नाही मेली! आत आलं की डाव्या हाताला वेण्या आहेत, कुणी नेल्या तर मी काय करणार म्हातारी!"

पलीकडे अग्लाया मावशी लाकडं रचत होती. एक लाकूड ठेवल्याचा आवाज आला. मग तिच्या कोंबड्यांना उद्देशून:

"वय झालं की माणसं कड्याही दुरुस्त करत नाहीत!"

रविवारी चर्चमध्ये अग्लाया मावशीची जागा रिकामी होती. ती पूर आला तरी येणारी बाई. पाद्रीबाबांनी लोकांना क्षमा मागायला सांगितलं, सगळे एकमेकांपुढे वाकले, गालांना गाल लागले. सासूने माझीही मागितली, कशाबद्दल ते सांगितलं नाही. पण तिचं लक्ष दाराकडे होतं.

घरी आलो. कोठीचं दार लोटलेलं होतं. डावीकडच्या खुंटीवरून एक वेणी गेली होती, सगळ्यात मोठी. सासूने ती आदल्या दिवशी मुद्दाम खालच्या खुंटीला, शिडी न लावता हाताला येईल अशी टांगली होती. पायरीवर चिखल नव्हता. येणारीने जोडे बाहेर काढले होते.

"नेली?" सासूने मागून विचारलं.

"नेली."

सासू तशीच अंगणात गेली, कुंपणाची फळी धरली आणि छातीत मावेल तेवढा श्वास घेतला.

"चोर! चोरटी! देवाच्या वारी चोरी करतेस! हात झडतील तुझे! अख्ख्या गावाला सांगेन मी! चोर!"

पलीकडचं दार उघडलं. अग्लाया मावशी बाहेर आली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा कोंबड्यांकडे न बघता थेट माझ्या सासूकडे बघून म्हणाली, "एवढंच? लसूण पिकवायचाय मला, मुळा नाही. बोंबल अजून!"

सासू बोंबलली. खोकला येईपर्यंत बोंबलली. मग मावशी आत गेली, आणि थोड्या वेळाने उघड्या खिडकीतून तिचा फोनवरचा आवाज आला. "झेनोविया? बी मिळालं... कुठून म्हणजे, चोरलं... हो, मीच... आता रडतेस कशाला? उन्हाळ्यात ये. माझे गुडघे गेलेत, माळ्यावर चढायला कुणीतरी हवं."

आम्ही घरात आलो. सासूचा घसा बसला होता; मी तिला गरम दूध दिलं. तेव्हा तिने पेल्यात बघत बघत सांगितलं.

"कासांद्राबाईनेच सांगितलं होतं मला. म्हणाली, 'ग्लिकेरिया, एका घरात ठेवलेलं बी कधी ना कधी मरतं. मी डोळे मिटते, तू वेणी ने.' मी म्हटलं, 'नेते, पण तुमच्याने ओरडवतंय कुठे? शिव्या कोण घालणार?' तर हसली. म्हणाली, 'त्याची काळजी नको. माझी पोरगी आहे.'"

सगळ्या वर्षांतल्या सगळ्या सकाळी मला एकदम ऐकू आल्या.

"आणि हे तुम्ही तिला एकदाही सांगितलं नाही?"

सासूने दुधावरची साय बोटाने बाजूला केली.

"सांगितलं असतं, तर ओरडली असती का?"