तळेघरची फांदी

जुन्नरची ती घटना माझ्या मनातून कधी गेलीच नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्तीनंतर कोणी आठवण सांगा म्हटलं, की आधी डोळ्यांपुढे येते ती एक रिकामी खुर्ची आणि तिच्यासमोरचा काळा पडदा.

मी तेव्हा जुन्नरला पोलीस निरीक्षक होतो. शनिवारची सकाळ होती. हजेरी नुकतीच झाली होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी पुढे ओढत होते, तेवढ्यात फोन वाजला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "साहेब, त्या शिक्षण संस्थेतल्या काम्प्युटरवालीनं दावा साधला. कायम केलं न्हाई म्हणून समदी नावं उडवली तिनं. बघा बरं." थोड्याच वेळात संस्थेचे सचिव लेखी तक्रार घेऊन हजर झाले.

संस्थेचं मुख्य कार्यालय जुन्नरला, आणि एक शाळा व वसतिगृह आंबेगाव तालुक्यात, तळेघरला. शिक्षक असो वा विद्यार्थी, प्रत्येकाला संस्थेच्या संगणकात शिरायला स्वतःचं खातं. ही खाती ज्या यंत्रात नोंदलेली असतात त्याला डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात. शुक्रवारी दुपारी त्यातून तळेघरची एकूण एक नोंद गेली होती. आहुप्यासारख्या गावांतून आलेल्या वसतिगृहातल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज अर्धवट अडकले होते आणि मुदत तोंडावर आली होती. नोंदी काढण्याची आज्ञा एकाच टेबलावरून गेली होती. ते टेबल सर्व्हर सांभाळणाऱ्या कंत्राटी मुलीचं.

ती बाजारपेठेतल्या एका मुसलमान कापडवाल्याची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. मीही आमच्या घरातला पहिलाच. गुरुजींनी स्वतःची सायकल मला दिली नसती तर मी कॉलेजचं तोंड पाहिलं नसतं. त्यामुळे अशा पदवीमागे घरातली किती माणसं उभी असतात, हे मला ठाऊक होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली एकदा गुन्हा दाखल झाला, की पुढे ती निर्दोष सुटली तरी तिला पुन्हा कोणी सर्व्हरजवळ उभं करणार नव्हतं. मी सचिवांना म्हणालो, "आधी चौकशी करू."

महिला पोलीस शिपायाला बरोबर घेऊन मी संस्थेत गेलो. सचिवांनी सर्व्हरच्या खोलीला कुलूप लावलं होतं. मुलगी बाहेर बाकावर बसली होती. डोळे सुजलेले, पण आवाज स्थिर.

"दुपारच्या सुट्टीत तू टेबलावर होतीस?"

"नव्हते, साहेब. अम्मी अंथरुणावर आहे. तिला जेवण भरवायला मी रोज घरी जाते."

"मग खोलीत कोण होतं?"

ती गप्प.

"पासवर्ड कोणाला दिला होतास?"

"कोणाला नाही. रोज टाकायला नको म्हणून आतच साठवून ठेवला होता. ती चूक माझी."

"आणि खोलीत कोण होतं?"

पुन्हा गप्प. महिला शिपायाने समजावलं, मी आवाज चढवला, सचिव म्हणाले, "बघा, तोंड शिवलंय." गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे पोलिसाला पहिल्या वर्षीच कळतं. तो स्वतःसाठी लपवतो की दुसऱ्यासाठी, हे कळायला मात्र पायपीट करावी लागते.

संध्याकाळकडे मी साध्या कपड्यांत बाजारपेठेत गेलो. संशयिताचं घर आणि शेजार पाहिल्याशिवाय मी कधी मत बनवलं नाही. तिच्या वडिलांचं दुकान सताड उघडं, कापडाची ठाणं मांडलेली, आत कोणी नाही. मी पायरीवर उभा राहिलो तसा शेजारचा भांडीवाला उठून आला.

"काय दाखवू, पावणं? सुती का टेरीकॉट?"

"दुकान तुमचं आहे का?"

"माझं कुठलं! चाचा नमाजला गेल्यात. गल्लीची रीत हाय राव. मालकानं गज आडवा ठिवला दारात, तर दुकान बंद. गज आडवा न्हाई, तर गिऱ्हाईक शेजाऱ्यानं बघायचं. मी जेवाय गेलो की चाचा माझी पातेली इकतो. लई सस्तात देतो, ही एक तक्रार हाय!"

दुकानात कापड मोजायचा लोखंडी गज भिंतीला टेकून उभा होता. मी तिथेच थबकलो. ही मुलगी याच गल्लीत वाढली. टेबल सोडून जाताना तिने संगणकाचा पडदा उघडाच ठेवला असणार. नोंदी तळेघरच्या गेल्या, म्हणजे गिऱ्हाईकही तळेघरचंच. मग ते कोणी पाहिलं?

सोमवारी मी सायबर शाखेच्या हवालदाराला घेऊन संस्थेत पोहोचलो. सर्व्हरच्या खोलीत मुलीच्या शेजारचं टेबल हेडक्लार्कचं. निवृत्तीला आलेले, साधे गृहस्थ. याच मुलीची पहिली मुलाखत त्यांनीच घडवून आणली होती. ती त्यांना काका म्हणायची. मी कुलूप उघडायला लावलं, सगळ्यांना आत बोलावलं आणि सहज स्वरात विचारलं, "काका, शुक्रवारी दुपारी तळेघरहून फोन आला होता का?"

"आला व्हता की. तिथल्या हेडमास्तरांचा. एक मास्तर बदलून हिकडं आलाय, त्याचं नाव तिथनं काढा म्हणले. पोरगी आईला भरवाय गेल्याली. म्हणलं, आल्या आल्या तिला व्याप नको. मीच बसलो."

मुलीने डोळे मिटून घेतले.

"काय केलंत?"

"ती करती तसंच. वरचा बाण दाबला, तिनं सकाळी लिवल्याली वळ आली. तिच्यातलं नाव खोडलं, तळेघर लिवलं, बटण दाबलं. म्हणलं, आता इचारंल कोणता मास्तर म्हणून. पर मिशीन कायबी बोललं न्हाई. काम न्हाई झालं, म्हणून उठलो."

हवालदार हळूच म्हणाला, "काका, काम झालं की हे बोलत नाही. अडलं तरच बोलतं."

मग त्याने मला समजावलं. ही डिरेक्टरी झाडासारखी रचलेली असते: संस्था हे खोड, शाळा या फांद्या, माणसं ही पानं. पानांसकट फांदी काढायला गेलं तर साधी आज्ञा नकार देते. पण आज्ञेत एक जादा अक्षर घातलं, की फांदी पानांसकट जाते, काही न विचारता. सकाळी मुलीने चाचणीसाठी केलेली एक खोटी फांदी तशी काढली होती. तीच ओळ काकांनी पुन्हा चालवली.

काकांचा चेहरा पांढरा पडला. "म्हंजी... समदी मीच काढली?" त्यांनी टेबलाची कड धरली आणि सचिवांकडे वळले. "साहेब, माझं नाव लिवा तक्रारीत. पोरीचं खोडा. तिला ठावं व्हतं, तरी बोलली न्हाई."

"तुमचं पेन्शन अडकलं असतं, काका," मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "साहेब, गुरुवारी रात्री काढलेली सगळ्या नोंदींची प्रत शाबूत आहे. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. मला फक्त त्या खुर्चीवर बसू द्या."

मी सचिवांकडे पाहिलं. ते बाजूला झाले.

तिने कळफलक पुढे ओढला. पडद्यावर ओळी धावू लागल्या, थांबल्या, मग पडदा गप्प झाला. काका पुटपुटले, "बोलंना की हो." ती पहिल्यांदा हसली. "झालं म्हणून बोलत नाही, काका." तळेघरला फोन लावला. हेडमास्तरांचा आवाज खोलीभर घुमला, "आलं, आलं! आहुप्याची पोरं दिसाया लागली, समदी दिसाया लागली!" काकांनी टोपी काढून डोळे पुसले.

हेतू नव्हता, म्हणून गुन्हा नव्हता. जबाब नोंदवले, सचिवांनी तक्रार मागे घेतली, अर्ज दप्तरी दाखल झाला. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत गेले. काकांचं पेन्शन सुखरूप राहिलं. आणि पुढच्या वर्षी मुलगी कायम झाली, त्यासाठी शिफारस सचिवांनीच केली.

पोलिसाला माणसाच्या गप्प बसण्यावर संशय घ्यायची सवय असते, आणि ती वाईट नाही. पण त्या दिवसापासून मी एक प्रश्न वाढवला: हा कोणाला वाचवतोय? त्या प्रश्नाने पुढे बरीच निरपराध माणसं घरी परत गेली, याचं मला समाधान आहे.

निवृत्तीच्या आधी निरोप घ्यायला मी त्या कार्यालयात गेलो. दुपारची सुट्टी होती. निवृत्त झालेले काका चहाला आले होते, सवयीने आपल्या जुन्याच खुर्चीवर बसले होते. मुलगी आईकडे जायला उठली. तिने पडद्याला कुलूप लावलं, पासवर्ड पुन्हा विचारेल याची खात्री केली. मग खणातून वडिलांच्या दुकानातला गज काढला आणि कळफलकावर आडवा ठेवला.

"आता ह्यो कशाला गं? कुलूप लावलंस की," काका म्हणाले.

"कुलूप चोरांसाठी, काका," ती ओढणी सावरत म्हणाली. "गज तुमच्यासाठी."