एकाच छातीच्या दोन चिठ्ठ्या

आग्रा रोडवरच्या त्या शर्यतीत मी धावलो, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याआधी काय केलं, ते आजवर कुणालाच सांगितलं नाही.

साल सत्तरच्या आसपासचं. घाटकोपर ते मुलुंड. व्यायामशाळेला ढाल हवी तर तिघांनी शेवटपर्यंत पोचायचं, आणि आम्ही होतोच तिघे. आदल्या संध्याकाळी शेजारच्या मित्राकडे गेलो, तर त्याची मालवणची आई दारातच म्हणाली, "तेका ताप इलो हा. धावूक न्हेव नको."

"नाही नेत, काकी," म्हणालो. सकाळी नेलं.

निघण्याआधी डॉक्टर छाती तपासून चिठ्ठीवर शिक्का मारत. मित्राचा हात धरला, तर चटका बसला.

"वाट लागली यार. काढतील मला."

"गप रे. चिठ्ठी दे तुझी."

टेबलं दोन होती. एकावर माझी छाती दाखवली. बनियन बदलून दुसऱ्यावर, त्याच्या नावाने, पुन्हा तीच. "झकास! घोडा आहेस," दुसरा डॉक्टर म्हणाला. मागे उभा मित्र फिस्सकन हसला.

मला मात्र तिथूनच भीती वाटू लागली. मी पुढे, तो मागे. त्याच्या कॅनव्हासच्या बुटाचा तळ सुटलेला, पावलागणिक चप्‌ वाजायचा. विक्रोळी संपेपर्यंत मी तेवढंच ऐकत होतो. वाजतंय म्हणजे आहे. कांजूरमार्गला, कारखान्याच्या भिंतीपाशी, वाजायचं थांबलं.

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबावं लागलं असतं, आणि मग कुणीतरी विचारलं असतं, याला पास कुणी केलं? पळत सुटलो. ढालीसाठी नव्हे.

मुलुंडला त्याला टेम्पोतून आणलं. ओठ निळे पडलेले. तोच दुसरा डॉक्टर चिठ्ठी बघत राहिला. सकाळचा घोडा त्याला ओळखू येईना.

"काल ताप होता का रे याला?" त्याने मला विचारलं.

"नाही."

मित्राने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मिटले.

तो वाचला, पण छाती कायमची अधू झाली. काकीला मी सांगितलं, तोच हट्टाने आला. ती तेच खरं मानून गेली.

अजून आम्ही शेजारीच राहतो. जिन्यात तो दम घ्यायला थांबतो. मी बुटाची नाडी बांधत बसतो.

"हो ना पुढे, घोड्या," तो म्हणतो.

मी होत नाही. त्याचा श्वास ऐकत राहतो. वाजतोय म्हणजे आहे.